अण्णारावांच्या विहिरीवरचा क्रम

सावरवाडी, पो. शिरूर अनंतपाळ,
ता. निलंगा, जि. लातूर
२० मार्च १९८३

चि. पंचफुला हीस,
ज्ञानोबाचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

वर पत्त्यात जिल्हा लातूर लिहिला आहे तो नीट बघून घे. जिल्हा होऊन सात महिने झाले तरी तू अजून उस्मानाबादच लिहितेस. त्यामुळं तुझं मागचं पत्र तिकडं मुक्काम करून अकराव्या दिवशी मला मिळालं. यात चूक पोस्टाची नाही, तुझी आहे. जिल्हा नवा झाला म्हणजे पाऊसही नव्यानं पडेल असं गावातल्या काही मंडळींना वाटत होतं. तसं झालेलं नाही.

गावचा आड जानेवारीत आटला, आपल्या वस्तीचा फेब्रुवारीत. आता पाणी आहे ते अण्णारावांच्या मळ्यातल्या विहिरीला, तेही रात्रभर झरून सकाळपुरतं. अण्णारावांनी ती सगळ्या गावाला खुली केली. पहिल्याच दिवशी दोन डोकी फुटली. दोन्ही डोकी अण्णारावांच्या भावकीतलीच होती. मग मारुतीच्या पारावर बैठक झाली आणि अण्णाराव म्हणाले की पाणी माझं, पण पाळी लावायला तत्त्वाचा माणूस पाहिजे, आणि तसा माणूस गावात एकच आहे. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. निवृत्त होऊन मला दोनच महिने झाले होते. एकतीस वर्षं फळ्यावर सुविचार लिहिले, ते कुणी वाचत असेल असं मला वाटलं नव्हतं.

नियम मी असे केले. घरटी चार घागरी. घर लहान असो, मोठं असो, गोठ्यात एक म्हैस असो की दहा. ओळखीला जागा नाही. दुसऱ्याच दिवशी स्वतः अण्णाराव पाचवी घागर घेऊन आले. म्हशीच्या वगारीसाठी पाहिजे म्हणाले. मी रजिस्टर दाखवलं. ते म्हणाले की विहीर दिली, आता तिच्यातल्या पाण्यासाठी अर्जही मीच करायचा का. मी म्हटलं, अर्जाची सोय नियमात नाही. ते घागर घेऊन परत गेले. त्या दिवसापासून गावात भांडण नाही.

क्रम असा आहे. आधी अण्णारावांची गल्ली, मग मधली गल्ली, मग वेशीजवळची घरं, मग आपली वस्ती. वस्तीत सगळ्यांत शेवटी आपलं घर. ज्याच्या हातात अधिकार आला त्यानं स्वतःला आणि स्वतःच्या माणसांना मागं ठेवावं, हे मी ठरवून केलं आहे. त्यामुळं माझ्याकडं बोट दाखवायला कुणाला जागा उरली नाही. अण्णारावांच्या गल्लीतले किशनराव, जे माझ्याशी वीस वर्षं बोलत नव्हते, तेसुद्धा चारचौघांत म्हणाले की गुरुजी म्हणजे गुरुजी.

तुझी वहिनी भामाबाई प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जाते. आता जोडाक्षरं आली. दाजींना जयभीम सांग. आठवण ठेवून, जिल्हा बरोबर घालून पत्र पाठवावं.

तुझा दादा,
ज्ञानोबा


लोहा, ता. कंधार, जि. नांदेड
२ एप्रिल १९८३

ती. दादा यांस,
पंचफुलाचा सविनय जयभीम. वि. वि.

पाकिटावर जिल्हा लातूर तीन ठिकाणी लिहिला आहे. आता तरी पत्र सरळ येईल.

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले की उद्या यम आला तर ज्ञानोबा गुरुजी त्यालाही चार घागरीच देतील आणि सही घेतील. अण्णारावांना त्यांच्याच विहिरीवरून परत पाठवलंस हे मात्र मला मनापासून आवडलं. मी ते दवाखान्यात सगळ्या बायकांना सांगितलं. दोघींनी विश्वास ठेवला नाही.

इकडंही तसंच आहे. दवाखान्यात मला हात धुवायला एक तांब्या मिळतो आणि त्यात दिवसभराची इंजेक्शनं. टँकर येतो म्हणतात त्या दिवशी येत नाही, आणि येतो त्या दिवशी कुणी सांगत नाही. तरी बरं चाललं आहे, काळजी करू नकोस.

दादा, तुझ्या पत्रात किशनराव आहेत, अण्णाराव आहेत, त्यांची वगारसुद्धा आहे. माय कुठं आहे? चार पानांच्या पत्रात तिचं नाव एकदाही आलेलं नाही. पंचाहत्तरीची बाई, असा उन्हाळा, आणि तू नुसतं रजिस्टरचं लिहितोस. ती जेवते का, पाय सुजतात का, ते लिही.

आणि एक विचारायचं आहे. वस्तीची पाळी येते तेव्हा किती वाजलेले असतात? त्या वेळी पाणी कसं असतं? हे सहज विचारलं आहे, पण उत्तर सहज देऊ नकोस.

वहिनीला सांग की पुढचं पत्र तिच्या हातचं आलं तर मी ते पेटीत ठेवीन. माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
पंचफुला


सावरवाडी, जि. लातूर
११ एप्रिल १९८३

चि. पंचफुला हीस अनेक आशीर्वाद. जयभीम. वि. वि.

पत्र सहाव्या दिवशी मिळालं. जिल्हा एकदा लिहिला तरी चालेल.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं क्रमानं देतो. वस्तीची पाळी साधारण साडेदहाला येते, आपल्या घराची अकराला. पाणी त्या वेळी किंचित गढूळ असतं. धडप्यातून दोनदा गाळलं की पिता येतं. तक्रार कुणी केलेली नाही. वस्तीतल्या केरबानं एकदा विचारलं होतं की गुरुजी, आपला नंबर रोज शेवटीच का. मी त्याला तत्त्व समजावून सांगितलं. तो ऐकून घेऊन गेला.

मायचं मुद्दामच लिहिलं नव्हतं, कारण तिचं काय चाललं आहे ते मलाच कळलेलं नाही. पाळीच्या पहिल्या दिवशी ती घागर घेऊन विहिरीवर आली होती. आपला नंबर कितवा, असं तिनं विचारलं. मी जरा अभिमानानंच सांगितलं की शेवटचा. तिनं घागर कमरेवर घेतली आणि ओढ्याकडं निघून गेली. तिथं वाळूत तिनं हातानं झिरा उकरला आहे. वाटी वाटीनं घागर भरायला दोन तास लागतात. रोज जाते. अर्धा कोस जाणं, अर्धा कोस येणं. भामा विहिरीवरून आणते त्या पाण्याला ती शिवत नाही. तिची घागर वेगळी, तिचा तांब्या वेगळा. माझ्याशी बोलते, पण भाकरी, मीठ एवढंच.

मला वाटतं तिला राग आला आहे. पोराच्या हातात पाळी आली म्हणजे आपला नंबर पहिला लागेल, असं म्हाताऱ्या माणसाला वाटणं साहजिक आहे. मी तिला बसवून सांगितलं की ज्यापुढं आपला आणि परका सारखा, त्याला तत्त्व म्हणतात, आणि असं तत्त्व नसेल तर माणसाचा विचार वाऱ्यावर जातो. तिनं सगळं ऐकलं. मग विचारलं की शिकवून झालं का.

परवा ती ओढ्याच्या चढावर चक्कर येऊन बसली. अण्णारावांचा सालगडी व्यंकट तिकडून येत होता, त्यानं बैलगाडीत घालून घरी आणलं. भामानं तांब्या पुढं केला तर मान फिरवली. व्यंकटला म्हणाली, माझ्या घागरीतलं दे. घागर फुटली होती, तळाशी ओंजळभर पाणी होतं. तेवढंच प्याली. संध्याकाळी नवी घागर मागितली.

एक चांगली बातमी. ग्रामसेवकांनी आपल्या पाळीची पद्धत सविस्तर लिहून मागितली आहे. नव्या जिल्ह्यासाठी नमुना म्हणून ती लातूरला पाठवायची म्हणतात. नऊ पानं झाली आहेत. क्रमाच्या मागचं तत्त्व वेगळ्या पानावर घेतलं आहे.

मायला तू समजावून लिही. ती तुझं ऐकते. पत्राची वाट बघतो.

तुझा दादा,
ज्ञानोबा


लोहा, जि. नांदेड
१८ एप्रिल १९८३

ती. दादास पंचफुलाचा जयभीम. वि. वि.

आधी नर्स म्हणून लिहिते. मायला ऊन चढल्यावर बाहेर सोडायचं नाही. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्यायचं, तिच्याच घागरीतलं. लघवी कमी झाली किंवा बोलणं बरळल्यासारखं झालं तर गाडी करून शिरूरला न्यायचं, नियम न बघता. दुसऱ्यांदा चक्कर आली तर ती उठेलच असं मी सांगू शकत नाही. हे पत्र वाचून झालं की हा भाग वहिनीलाही वाचायला दे, तिला आता जोडाक्षरं येतात.

आता बहीण म्हणून. मी मायला समजावणार नाही. मला तुझाच राग आला आहे, आणि तो दोन दिवस थांबूनही कमी झाला नाही म्हणून तसाच लिहिते.

दादा, तू अकराव्या वर्षी निलंग्याला शाळेला गेलास. आपल्या घरात पाणी बायकांनी भरलं. म्हणून तुला आठवत नाही, आणि मला आठवतं. मी सहा वर्षांची होते. आपल्या वस्तीचा आड तेव्हा खणलेला नव्हता. उन्हाळ्यात आम्ही याच विहिरीवर जायचो, अण्णारावांच्या आजोबांच्या. दोराला हात लावायचा नाही. लांब बसायचं. सगळं गाव भरून झालं की कुणाला दया आली तर ती बाई वरून आमच्या घागरीत ओतायची, आणि अर्धं पाणी मातीत जायचं. कुणाला नाही आली तर उठून ओढ्याला जायचं आणि झिरा उकरायचा. माय मला मांडीवर घेऊन बसायची. ऊन झालं की पदर माझ्या डोक्यावर टाकायची आणि स्वतः तशीच बसायची. ती कुठला झिरा उकरते आहे, ते आता तरी तुला कळेल.

पुढं तू मास्तर झालास, बाबासाहेबांमागं आपण धम्म घेतला, वस्तीचा आड झाला. मायनं त्या विहिरीकडं पुन्हा पाऊल टाकलं नाही. पंचवीस वर्षांनी ती घागर घेऊन गेली, कारण पाळी लावायला तिचा पोरगा होता. आणि पोरानं तिला अभिमानानं सांगितलं, तुझा नंबर शेवटचा. दादा, तुझं ते तत्त्वाचं वेगळं पान मी इथून वाचू शकते.

तू लिहितोस की ज्यापुढं आपला आणि परका सारखा ते तत्त्व. बरोबर आहे. पण सारखा म्हणजे आपला वरही नाही आणि खालीही नाही. तू आपल्याला खाली घातलंस. का, तर कुणी बोट दाखवू नये म्हणून. क्रम लावताना तू समतेचा विचार केलाच नाहीस, किशनराव काय म्हणतील याचा केलास. आणि किशनराव खूश झाले, वीस वर्षांनी. ते का खूश झाले हे तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही? मागं ठेवायचं तर स्वतःला ठेवायचं होतंस. पण तू एकही घागर उचलत नाहीस. तुझं तत्त्व केरबाच्या बायकोनं उचललं, वहिनीनं उचललं, आणि मायनं तेवढं नाही उचललं.

दवाखान्यात थर्मामीटर ताप किती ते सांगतो. ताप कशानं आला ते माणसाला विचारावं लागतं. तू मायला शिकवलंस, विचारलं नाहीस. आता विचार. नऊ पानं लातूरला गेली नसतील तर जाऊ देऊ नकोस.

जास्त लिहिलं असेल तर रागाव, पण पत्र बंद करू नकोस. तुझ्याशिवाय मला दादा नाही.

पंचफुला


सावरवाडी, जि. लातूर
१ मे १९८३

चि. पंचफुला हीस आशीर्वाद. जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी विहिरीवर होतो. तिथंच वाचलं. त्या दिवशी वेशीजवळच्या एका घराला तीनच घागरी दिल्या गेल्या आणि मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी भरपाई केली.

उत्तर लिहायला बसलो. पहिल्या दोन उत्तरांत मी बरोबर होतो. ती फाडली.

मग मायला विचारलं. ती ज्वारी पाखडत होती. मी विचारलं की माय, तू विहिरीचं पाणी का पीत नाहीस. ती म्हणाली की महिन्यानं विचारलंस. नंतर तिनं सांगितलं, तू लिहिलंस तेच, पण आणखी पुष्कळ. तिनं आवाज चढवला नाही. मी एकतीस वर्षं शाळेत समता शिकवली, पंचफुला, आणि माझी आई कुठं बसायची हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी तिच्या तोंडून कळलं. मला फार लाज वाटली. अजून वाटते.

मी तिला म्हटलं की उद्यापासून आपली वस्ती पहिली. ती सुपाकडं बघत म्हणाली की मग पुन्हा तेच, फक्त उलटं. तिला पहिला नंबर नको आहे. मग काय पाहिजे, असं विचारलं तर म्हणाली, मास्तर तू हायस. हे एवढं तिच्याच शब्दांत लिहितो.

तीन दिवस विचार केला. चार गल्ल्यांच्या चार चिठ्ठ्या करायच्या. रोज सकाळी सगळ्यांसमोर मी एकेक उचलायची, ज्या क्रमानं निघेल तो त्या दिवसाचा क्रम. गल्लीत जी घागर आधी येईल ती आधी. काल पारावर हे मांडलं. किशनरावांनी हरकत घेतली की चांगला चाललेला क्रम का मोडायचा, कुणाची तक्रार आहे का. मी म्हटलं, माझी आहे. आधीचा क्रम मी चुकीचा लावला होता, त्याला मी तत्त्व म्हणत होतो पण ती माझी भीती होती. किशनराव उठून गेले. आता वीस वर्षं पुन्हा बोलणार नाहीत. बाकीचे अण्णारावांकडं बघू लागले. ते सुपारी कातरत होते. शेवटी म्हणाले की मला पाचवी घागर दिली नाही त्या माणसाचं मी ऐकतो.

नऊ पानं परत आणली. ग्रामसेवक म्हणाले, अक्षर फार सुंदर होतं.

उद्या पहिली चिठ्ठी. माय म्हणाली की बघायला येईन. पाणी भरीन असं म्हणाली नाही. मी आग्रह केला नाही. आजही ती पहाटे झिऱ्यावर जाऊन आली आणि येताना दोनदा बसली. उद्या तिनं तोंड फिरवलं तर पुढं काय करायचं, ते मला माहीत नाही. तुझ्या रागावर माझा काही राग नाही. असंच लिहीत जा.

तुझा दादा,
ज्ञानोबा


सावरवाडी, जि. लातूर
४ मे १९८३

पंचफुले, तुला तुझ्या मायचा जयभीम.

मी बोलतेय, भामा लिहितीय. ती म्हणती हळू बोला, जोडाक्षर येतंय. तवा हळू बोलते.

मी बरी हाय. पाय सुजतेत पण ते मागल्या सालीबी सुजत व्हते. तू दादाला लई बोललीस म्हणं. बरं केलंस. मी बोलले असते तर त्याला वाटलं असतं म्हातारीचं डोकं फिरलं.

परवा सकाळी विहिरीवर गेले. समदं गाव जमलं व्हतं. ज्ञानोबानं टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. पहिली मधली गल्ली निघाली. दुसरी वेशीपासची घरं. मग दोन उरल्या, अण्णारावाची आन आपली. त्यानं तिसरी उचलली, उघडली. मला वाचाया येत न्हाई, पर पोराचं तोंड वाचाया येतं. तिच्यात अण्णारावाची गल्ली व्हती. म्हंजी वस्ती शेवटी. पहिल्याच दिवशी. त्यानं माझ्याकडं बघितलं. चिठ्ठी त्याच्या एकट्याच्या हातात, गावाला काय दिसतंय. तो वस्ती म्हणला असता तर कुणी विचारलं नसतं. मी मनात म्हणलं, हा आता बदलतो बघ. बदलला असता तर मी तशीच माघारी फिरले असते, आन मग मेले असते तरी त्या पाण्याला शिवले नसते.

त्यानं अण्णारावाची गल्ली वाचली. मग मी सावली बघून बसले. केरबाची बायको म्हणली आजी, आज बी शेवटीच की. मी म्हणलं, आज शेवटी हाय, उद्याचं उद्या बघू. अण्णारावाची म्हातारी माय लक्ष्मीबाई, आज तिची गल्ली तिसरी, ती माझ्याशेजारी येऊन बसली. आमी तंबाखू खाल्ली. माझे पाय हळू, माझी घागर वस्तीत बी शेवटी लागली. मग पाळी आली. दोर मी धरला. तळहात सोलला हाय, खोबरेल लावलंय. झिऱ्याला आता जात न्हाई, तू काळजी करू नको.

जावयाला सांग टँकरच्या मागं पळू नको म्हणून. आंबे पाडाला आले की ये. तुझी माय, नागुबाई.

वन्संना भामाचा जयभीम. हे पुढचं सासूबाईंनी लिहू नको म्हटलं, तरी लिहिते. माझं अक्षर बघून हसू नका. सासूबाई दोर ओढताना दर घागरीला एक नाव घेत होत्या. पहिलीला त्यांच्या सासूचं, चतुराबाईचं. दुसरीला थोरल्या जावेचं, केसराबाईचं. तिसरीला शेजारच्या ठकूबाईचं. तिघी त्या विहिरीवर लांब बसूनच म्हाताऱ्या झाल्या आणि गेल्या. हे आमचे गुरुजी पाठ फिरवून रजिस्टर लिहीत उभे होते, त्यात अक्षर एक नव्हतं. चौथ्या घागरीला त्यांनी कुणाचंच नाव घेतलं नाही. ही कुणाची, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, ही प्यायची.